बोराच्या बिया आणि कोंबडीची पिसे : माळरानावरील कोल्ह्याच्या आहाराविषयी

प्रश्नाचा आशय असा आहे : जानेवारीत पुण्याहून सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो असता पायवाटेवरच्या एका दगडावर कोल्ह्याची विष्ठा दिसली. ती अंगठ्याएवढी जाड होती आणि जवळजवळ सगळी बोराच्या बियांचीच होती. मांसाहारी प्राण्यावर बोरे खाण्याची वेळ आली असेल, तर अभयारण्यात कोल्ह्यांची उपासमार होत आहे का? कोल्हे चिंकाऱ्याची पाडसे मारतात, हे खरे आहे का? आणि ओळखीचे एक पोल्ट्रीचालक मेलेल्या कोंबड्या द्यायला तयार आहेत, त्या अभयारण्याच्या कडेला नेऊन ठेवल्या तर चालतील का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर लगेच कृती होण्याची शक्यता आहे. कोंबड्या ठेवू नका, कडेलाही नको आणि एकदाही नको. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘होय, पण लोक समजतात तितके नव्हे’ असे. ही तिन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम प्राण्याची खात्री करून घेऊ. बारामती, दौंड, इंदापूर, पुरंदर या पट्ट्यात ‘कोल्हा’ म्हणून दोन वेगळे प्राणी दाखवले जातात. सोनेरी कोल्हा साधारण आठ ते दहा किलो वजनाचा, उंच पायांचा आणि तुलनेने आखूड शेपटीचा असतो. खोकड हा दोन-तीन किलोंचा, नाजूक चणीचा प्राणी असून त्याची शेपटी लांब, झुपकेदार आणि टोकाला ठळक काळी असते. बोरे दोघेही खातात, त्यामुळे केवळ बिया पाहून विष्ठा कोणाची ते ठरवता येत नाही. परंतु आपण जी जाडी सांगता ती खोकडाच्या विष्ठेत सहसा आढळत नाही, आणि वाटेवरचा उंच दगड निवडून त्यावर विष्ठा टाकणे ही हद्द सांगण्याची कोल्ह्याची नेहमीची रीत आहे. तेव्हा ती कोल्ह्याचीच होती असे धरून पुढे जातो. गावकुत्र्याची विष्ठाही याच आकाराची असते, पण ती सहसा बोरांच्या बियांनी अशी गच्च भरलेली नसते.

कोल्ह्याला मांसाहारी म्हणणे हे वर्गीकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे, आहाराच्या दृष्टीने मात्र अपुरे आहे. त्याच्या तोंडात ४२ दात असतात. त्यांत मांस कातरणाऱ्या दाढा आहेतच, पण त्यांच्या मागे पसरट, चुरडण्याच्या कामाच्या दाढाही आहेत. मांजरकुळातील प्राण्यांच्या जबड्यातून या मागच्या दाढा जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत आणि त्यामुळे बिबट्या बोरीखाली थांबत नाही. कोल्हा थांबतो, आणि नाइलाजाने नव्हे तर आवडीने थांबतो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने कोल्हा शेतात नीट पाहिलेला असणार. म्हणीतला उपहास बाजूला ठेवला तर निरीक्षण अगदी चोख आहे.

बोरे पिकतात ती मार्गशीर्षापासून माघापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या सुगडात आपण जी बोरे घालतो त्याच सुमारास. या दिवसांत पहाटे एखाद्या बोरीवर लांबून दुर्बीण लावून बसल्यास कोल्ह्याचे खाणे निवांत पाहायला मिळते. तो थेट बुंध्याशी जात नाही. काट्यांच्या घेराबाहेर गळून पडलेली फळे आधी वेचतो. पुढच्या दातांनी फळ अलगद उचलतो, मान किंचित वर करून ते मागच्या दाढांकडे सरकवतो, एक-दोनदा चुरडतो आणि बीसकट गिळून टाकतो. मऊ पडलेली, तपकिरी, सुरकुतलेली बोरे तो आधी घेतो आणि हिरवी, टणक बोरे हुंगून सोडून देतो. खाता खाता मध्येच थांबतो, कान फिरवतो, पुन्हा खाली वाकतो. यात उपाशी प्राण्याची घाई दिसत नाही. त्याचा हिशेबही सरळ आहे. उंदीर पकडायचा तर झेप घ्यावी लागते आणि अनेक झेपा वाया जातात, ससा पकडायचा तर धाव आणि धोका दोन्ही वाढतात, बोर मात्र पळून जात नाही. थंडीत पहाटे ताकद राखून ठेवायची असेल तर झाडाखालची साखर हा फायद्याचा सौदा आहे. म्हणून जानेवारीत बोरांनी भरलेली विष्ठा दिसली तर माझ्यासारख्या माणसाला चिंता वाटत नाही. ती दिसली नाही तर बोरी कुठे गेल्या, असा प्रश्न पडेल.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. भरतपूर आणि सारिस्का येथे झालेल्या आहाराच्या अभ्यासांतही उंदीर व पक्ष्यांच्या जोडीला बोरांसारखी फळे आढळलेली आहेत. कूर्ग आणि वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांत कोल्हे पिकलेली कॉफीची फळे खातात आणि विष्ठेतून पडलेल्या बिया मळेवाले पूर्वी मुद्दाम गोळा करीत, कारण कोल्हा उत्तम पिकलेले फळच निवडतो असा त्यांचा अनुभव होता. बोराची बी कोल्ह्याच्या पोटातून अखंड बाहेर पडते आणि मूळ झाडापासून दूर जाऊन पडते. माळरानावर एखाद्या बांधाकडेला किंवा दगडाच्या आडोशाला एकटीच उगवलेली बोरी दिसली, तर तिच्यामागे कोल्हा, खोकड किंवा एखादा पक्षी असण्याची शक्यता बरीच असते.

मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. हा आकडा येथे महत्त्वाचा आहे. कोल्ह्याची जोडी आयुष्यभरासाठी बांधलेली असते आणि तिचा वावर काही चौरस किलोमीटरचा असू शकतो. त्यामुळे ‘अभयारण्यातील कोल्हे’ असा वेगळा गट प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. ते दिवसा अभयारण्यातील झुडपांत विसावतात, तिन्हीसांजेला कोल्हेकुई करून आपापल्या हद्दी एकमेकांना कळवतात आणि रात्री भोवतालच्या ज्वारीच्या, मक्याच्या, उसाच्या शेतांतून, ओढ्यांच्या काठाने फिरतात. अभयारण्याच्या कुंपणाच्या आत काय मिळते एवढेच पाहून त्यांची भूक मोजली, तर उत्तर चुकीचे येणार.

या वावरात वर्षभर काय मिळते ते पाहू. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी वारुळांतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते आणि कोल्हे, खोकड, घोरपडी, पक्षी असे सगळे एकाच वारुळाभोवती जमतात. त्यानंतर शेणकिडे, नाकतोडे, टोळ आणि बेडूक यांचे दिवस येतात. गवत वाढते तसे उंदीरही वाढतात. हिवाळ्यात बोरे, शेतातला मका आणि उसाची कोवळी कांडी मिळते. उन्हाळा हा कठीण काळ असे आपल्याला वाटते, पण त्याच काळात टिटव्या, चंडोल, पखुर्ड्या असे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी घरटी करतात, सरडे उघड्यावर असतात, ओढ्याकाठच्या शिंदीची आणि उंबराची फळे मिळतात आणि जूनच्या सुमारास जांभळे गळू लागतात. कलिंगडाच्या आणि काकडीच्या प्लॉटमध्ये हजेरी लागते तीही याच दिवसांत, कारण त्या फळांतून पाणीही मिळते.

या सर्वांत पायाभूत अन्न कोणते असे विचारले, तर मी उंदीर असे उत्तर देईन. कान्हामध्ये १९६०च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी केलेल्या अभ्यासातही कोल्ह्यांच्या आहाराचा मोठा भाग उंदीर, सरपटणारे प्राणी आणि फळे यांचाच निघाला होता, आणि तेथे तर वाघांनी मारलेल्या शिकारीही उपलब्ध होत्या. उंदराची शिकार पाहण्यासारखी असते. कोल्हा गवतात चालता चालता एकदम ताठ थांबतो. कान पुढे येतात, डोके किंचित तिरके होते, कारण दोन्ही कानांत आवाज कमी-अधिक पोहोचण्याने उंदीर नेमका कुठे आहे ते त्याला कळते. मग तो मागच्या पायांवर उसळतो, हवेत कमान करतो आणि पुढचे दोन्ही पाय जोडून गवतावर येतो. नाक लगेच त्या दोन पायांमध्ये जाते. उंदीर सापडला तर तो बहुधा अख्खाच गिळला जातो. पोट भरलेले असेल तर कोल्हा माती उकरून शिकार पुरून ठेवतो आणि नाकाने माती लोटून वर सारखी करतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचे मोल काय, याचा एक अंदाज युरोपातून आला आहे. सर्बियातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार त्या एका देशातील कोल्हे वर्षाला सुमारे १ कोटी ३२ लाख पीकभक्षक उंदीरवर्गीय प्राणी खातात. आपल्याकडे असा हिशेब लावायचा तर जाती वेगळ्या, पिके वेगळी, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इकडे आणता येणार नाही, पण ज्या उसाच्या फडात कोल्ह्याची वीण होते त्या फडात घुशींना स्वस्थता नसते हे कोणताही जुना शेतकरी सांगेल.

आता चिंकाऱ्याविषयी. पूर्ण वाढलेला निरोगी चिंकारा कोल्ह्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. तो वजनाने कोल्ह्याच्या दुप्पट असतो आणि वेगाने तर कितीतरी पुढे. पाडसाची गोष्ट वेगळी आहे. चिंकाऱ्याची मादी नवजात पाडसाला गवतात किंवा झुडपाखाली दडवून स्वतः दूर चरते आणि ठराविक वेळाने येऊन पाजते. पाडसाला गंध अत्यल्प असतो आणि ते निपचित पडून राहते. एकट्या कोल्ह्याला ते सापडले तरी आई धावून येते आणि त्याला पिटाळून लावू शकते. जोडीने आलेले कोल्हे मात्र काम वाटून घेतात, म्हणजे एक आईला आपल्यामागे पळवत ठेवतो आणि दुसरा पाडसाकडे वळतो. गुजरातमधील वेळावदरच्या गवताळ प्रदेशात कोल्हे काळविटांची पाडसे अशा रीतीने मारतात हे नोंदले गेले आहे, आणि आपल्या माळरानावर ते घडत नसेल असे मानण्याला काही कारण नाही.

यात अभयारण्याचे नुकसान आहे का? माझे मत असे की, गवत चांगले असेल तर नाही. पाडसाचे खरे संरक्षण गुडघाभर उंचीचे गवत करते. अतिचराईने किंवा वणव्याने माळ उघडा पडला तर पाडसाला लपायला जागा राहत नाही आणि त्याच वेळी कोल्ह्याचे उंदीर व टोळही कमी होतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी दाब पाडसावरच येतो. अशा वेळी कोल्ह्यांना दोष देणे सोपे असते आणि चराईचा विषय काढणे अवघड, एवढेच येथे नमूद करतो.

येथे विष्ठेच्या वाचनाविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपला पहिला प्रश्न मुळात एका विष्ठेवरून निर्माण झालेला आहे. अभ्यासासाठी विष्ठा गोळा करून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवतात, मग बारीक चाळणीत पाण्याखाली धुतात. माती आणि पचलेला भाग वाहून गेला की चाळणीत न पचलेला ऐवज उरतो : बोराच्या टणक बिया, भुंगेऱ्यांच्या पाठीचे हिरवट चकाकणारे तुकडे, सरड्याचे खवले, उंदराच्या जबड्याचा इवलासा भाग, एखादे पीस आणि केसांचा गुंता. केस काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आतील गाभ्याची आणि बाहेरील खवल्यांची रचना पाहतात आणि संदर्भासाठी ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून प्राणी ओळखतात. ससा आणि उंदीर सहज वेगळे होतात, शेळी आणि चिंकारा वेगळे करायला मात्र सवय लागते.

या पद्धतीत दोन फसवे कोपरे आहेत. पहिला असा की, जे पचत नाही तेच दिसते. मूठभर बोरे खाल्ली तर विष्ठा बियांनी भरून जाते, पण मेलेल्या शेळीचे केसविरहित मांस भरपेट खाल्ले तरी चाळणीत काहीच उरत नाही. म्हणून आपण पाहिलेली विष्ठा ‘या कोल्ह्याने बोरेही खाल्ली’ एवढेच सांगते, ‘बोरेच खाल्ली’ असे सांगत नाही. दुसरा कोपरा अधिक गंभीर आहे. विष्ठेत चिंकाऱ्याचे केस सापडले तर तो खाल्ला गेला हे सिद्ध होते, कोल्ह्याने मारला हे सिद्ध होत नाही. लांडग्याने मारलेला, कुत्र्यांनी फाडलेला, रस्त्यावर गाडीखाली आलेला, आजाराने मेलेला असा कोणताही चिंकारा शेवटी कोल्ह्याच्या पोटात जाऊ शकतो. ‘विष्ठेत हरणाचे केस मिळाले’ अशी बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. जाता जाता एक सूचना : अभयारण्यातून विष्ठासुद्धा परवानगीशिवाय उचलू नये आणि कुठेही ती उघड्या हाताने हाताळू नये, कारण श्वानकुळातील प्राण्यांच्या विष्ठेतून माणसाला होणारे परजीवींचे आजार साधे नसतात.

मेलेली जनावरे खाणे हा कोल्ह्याचा जुना व्यवसाय आहे. माळावर धनगरांचे वाडे बसतात, मेंढ्या वितात, त्यांची जार पडते, एखादे कोकरू दगावते आणि रात्रीतून कोल्हा ते उचलून नेतो. लांडग्याने शिकार सोडली की उरलेल्यावर कोल्हा आणि तरस येतात. १९९०च्या दशकात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तोवर माळावरच्या मृत जनावरांची विल्हेवाट लावणारी मोठी फौज संपलेली होती. ती जागा अंशतः कोल्ह्यांनी आणि फार मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांनी घेतली. अशी विखुरलेली, कधीतरी मिळणारी, कुठे मिळेल याचा नेम नसलेली मृत जनावरे कोल्ह्याच्या जीवनक्रमात बसतात, कारण त्यांच्यासाठी त्याला फिरावे लागते आणि फिरता फिरता तो उंदीर, टोळ, बोरे असे सगळे खात जातो.

पोल्ट्रीचा ढीग ही वस्तू वेगळी आहे. पुणे जिल्ह्यात कुक्कुटपालनाचा व्याप मोठा आहे, शेडमध्ये रोज काही पक्षी मरतात आणि त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याऐवजी ते पोत्यात भरून ओढ्यात, गायरानात किंवा वन विभागाच्या हद्दीला लागून टाकण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी जडलेली आहे. अशा ठिकाणी सकाळी गेल्यास पांढऱ्या पिसांचा थर, फाटलेली पोती, उग्र वास आणि चिखलात एकमेकांवर उमटलेले ठसे दिसतात. त्यांत कोल्ह्याचे ठसे असतात, पण कुत्र्यांचे त्याहून जास्त असतात. एकाच जागी, रोज, न फिरता मिळणारे अन्न कोल्ह्याचे वागणे बदलते. इस्राएलमध्ये कोल्ह्यांना रेडिओ पट्टे बांधून झालेल्या अभ्यासात, गावांजवळ राहणाऱ्या आणि माणसाच्या टाकाऊ अन्नावर जगणाऱ्या कोल्ह्यांचा वावर नैसर्गिक भागातील कोल्ह्यांच्या मानाने बराच लहान आढळला. वावर आक्रसला की थोड्या जागेत अधिक प्राणी मावतात, एरवी हद्दीवरून परस्परांना टाळणाऱ्या जोड्या ढिगाशी समोरासमोर येतात आणि जो आजार एका प्राण्यापुरता राहिला असता तो सगळ्यांत पसरतो.

आणि आजार आणण्याचे काम बहुधा कुत्री करतात. डिस्टेंपर, पार्वो आणि रेबीज हे तिन्ही विषाणूजन्य रोग गावकुत्र्यांकडून जंगली श्वानकुळात जाऊ शकतात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या गवताळ प्रदेशात गावकुत्री आणि खोकड यांच्या रक्ताच्या तपासणीत डिस्टेंपर आणि पार्वो या दोन्ही विषाणूंशी संपर्क आल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. आपण अभयारण्याच्या कडेला कोंबड्या ठेवल्यात तर कोल्ह्यांआधी कुत्री येतील, ती तेथेच रेंगाळतील, टोळी करतील, आणि कोंबड्या संपल्या की त्याच टोळीचे लक्ष चिंकाऱ्याकडे वळेल. ज्या चिंकाऱ्याच्या पाडसाविषयी आपल्याला काळजी वाटते त्याच्यासाठी कोल्ह्याची जोडी हा माफक धोका आहे. पाच-सहा कुत्र्यांची टोळी हा फार मोठा धोका आहे, कारण ती पाडसापाशी थांबत नाही, पूर्ण वाढलेल्या माद्यांनाही दमवून मारते. याशिवाय मेलेली कोंबडी कशाने मेली ते कोणी तपासलेले नसते. तिच्यासोबत शेडमधला रोग आणि औषधांचे अंश माळावर जातात. ढीग रस्त्याजवळ असेल तर रात्री रस्ता ओलांडणारे कोल्हे, तरस आणि लांडगे गाड्यांखाली सापडतात. ढिगाचे दुष्परिणाम कोल्ह्यापुरते राहत नाहीत, ते असे.

पिलांच्या काळात अन्नाची निकड वाढते आणि त्या वेळी तरी मदत करावी, असे काही जण सुचवतात. त्या काळासाठी कोल्ह्याची स्वतःची व्यवस्था आहे. नर आणि मादी दोघेही अन्न गिळून आणतात आणि पिलांनी नाकाने ओठांना ढुसण्या दिल्या की ते ओकून त्यांच्यापुढे टाकतात. पुष्कळदा आदल्या विणीतील एखादे मोठे झालेले पिलू आईबापांपाशीच राहते आणि धाकट्या भावंडांना खाऊ घालायला मदत करते. पुढे पिले आईबापांच्या मागे फिरू लागतात तेव्हा भुंगेरे आणि नाकतोडे पकडता पकडता शिकार शिकतात. बिळाशेजारी कोंबड्यांचा ढीग असेल तर हे शिक्षण होत नाही, आणि अशी पिले पुढे शेडच्या जाळीशी घुटमळू लागतात. तेव्हा त्यांना मारायला निघणारे लोकही आपल्यासारखेच असतात, फक्त त्यांचे पक्षी जिवंत असतात.

आपल्या पोल्ट्रीचालक स्नेह्यांना सांगण्यासारखे असे : मेलेले पक्षी शेडच्या आवारातच, विहीर आणि ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत आणि वर पुरेशी माती दाबावी. व्याप मोठा असेल तर झाकणबंद पक्का खड्डा किंवा शास्त्रशुद्ध कंपोस्टिंग हा चांगला मार्ग आहे आणि त्याची माहिती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळते. उथळ खड्डा हा खड्डा नसतो, कोल्हा आणि कुत्री तो एका रात्रीत उकरतात. शेडची जाळी जमिनीत फूटभर खाली गाडलेली असावी, कारण कोल्हा उडी मारण्यापेक्षा उकरून आत येणे पसंत करतो.

कलिंगड, काकडी किंवा मक्याचे नुकसान होणाऱ्या शेतकऱ्यांचा राग मी समजू शकतो. कोल्हा एक फळ पूर्ण खात नाही, चार फोडतो. फळे भरण्याच्या दोन-तीन आठवड्यांत रात्रीची राखण, जागा बदलत ठेवलेला दिवा आणि बांधावर बांधलेला कुत्रा यांचा उपयोग होतो. मोकळ्या कुत्र्याचा होत नाही. कोणत्याही परिस्थितीत विष घातलेले मांस ठेवू नये. ते कोल्ह्याइतकेच तरस, घार, मुंगूस आणि शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही मारते. कायद्याच्या बाजूनेही, वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीनंतर कोल्हा अनुसूची १ मध्ये गेला असून त्याची हत्या हा गंभीर गुन्हा आहे.

पाण्याविषयी आपण विचारलेले नाही, पण हा प्रश्न उन्हाळ्यात हमखास येतो. अभयारण्यातील पाणवठे वन विभाग भरून घेतो आणि ते पुरेसे असतात. आपल्याला मदतच करायची असेल तर कडेला स्वतंत्र टाकी ठेवण्याऐवजी त्या कामात विभागाला हातभार लावणे योग्य ठरेल. वेगळी टाकी म्हणजे पुन्हा कुत्र्यांची जागा.

खरोखर उपाशी किंवा आजारी कोल्हा ओळखायचा असेल तर त्याच्या विष्ठेपेक्षा त्याच्याकडे पाहावे. भर दुपारी उघड्यावर अडखळत चालणारा, माणसाला न घाबरणारा, लाळ गाळणारा किंवा अंगावरचे केस झडून कातडी खरबरीत झालेला कोल्हा दिसला तर त्याला खायला देऊ नये, जवळ जाऊ नये आणि छायाचित्रासाठी थांबूही नये. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर ठिकाण आणि वेळ कळवावी. त्याने चावा घेतला किंवा ओरखडा जरी काढला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.